चांद आणि कणीस

मंगळवेढ्याचा इतिहास म्हटला की दामाजीपंतांचे कोठार आणि ब्रह्मपुरीची औरंगजेबाची छावणी, एवढ्यावर लिहिणारे थांबतात. कोठार कुणी उघडले, छावणी कधी पडली (१६९५ ते १६९९) हे लिहिले गेले. पण या काळ्या रानाच्या कडेला राहणाऱ्या मराठी मुसलमानांच्या घरांत माणसे एका दस्तरखानावर कधी बसत, लेकी माहेरी कधी येत, हे कुणी लिहिले नाही. ते लिहायचे तर दोन पंचांगे समोर ठेवावी लागतात.

आमचे सण चांदावर चालतात आणि पोट ज्वारीवर. हिजरी वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. म्हणून ईद दरवर्षी मागे सरकते आणि साऱ्या ऋतूंतून फिरून ३२-३३ वर्षांनी जागेवर येते. पीक मात्र चांद पाहून पिकत नाही. राज्यकर्त्यांनाही हे कळत होते. हिजरी महिन्यावर सारा मागितला तर एखाद्या वर्षी पीक उभे असतानाच शिपाई दारात जायचा. म्हणून दख्खनमध्ये शुहूर सन चालला. आकडे अरबी शब्दांत, पण वर्ष सुरू होणार सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. लोक त्याला मृगसाल म्हणू लागले. शिवकाळाच्या आणि पेशवाईच्या कागदांवरही हाच सन आहे. दप्तराने सूर्य धरला, घराने चांद.

मंगळवेढ्याची मालदांडी (तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले) सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. जमिनीतल्या ओलीवर ती वाढते, डिसेंबर-जानेवारीत हुरड्यावर येते. आमच्याकडे पाहुण्यांचा खरा हंगाम हाच. १९८२ ते १९८५ च्या रमजान ईदा जून-जुलैत आल्या, तेव्हा कणग्या तळाला गेलेल्या. लेकी यायच्या, शिरखुर्मा प्यायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायच्या. थांबा म्हणायला यजमानाकडे धान्यही लागते.

ईद आणि हुरडा एकत्र आले की गोष्ट वेगळी. २००० साली रमजान ईद दोनदा आली, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. त्याआधी असे १९६८ ला झाले होते. पुढे २०३३ ला होईल. जानेवारी २००० च्या त्या ईदेआधीचे रोजे आम्ही रानातच सोडले. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे, तळहातावर चोळून फुंकर मारलेला हुरडा, शेंगाचटणी, गूळ. आधी खजुराचा तुकडा, मग हुरडा. दादीचा क्रम चुकला नाही. शेजारच्या रानातले गडीही मगरिबची अजान होईपर्यंत कणसाला हात लावत नव्हते. ईदेला आलेल्या आत्या आठवडाभर हलल्या नाहीत. अब्बांनी त्यांच्या पिशव्यांत ज्वारी भरली ती वेगळीच.

दादीला मात्र त्या आगटीपाशी बसून १९७३ आठवत होते. त्या जानेवारीत बकरी ईद नेमकी हुरड्याच्या दिवसांत आली, आणि रानात कणीसच नव्हते. दुष्काळी कामावर खडी फोडायला आमच्या घरच्या बायाही गेल्या होत्या. दुकानावर लाल मिलो मिळे. त्याची भाकरी तव्यावरच फुटायची. त्या वर्षी कुणी कुणाकडे गेले नाही. "आनेवाले कू क्या खिलाते?" दादी म्हणायची. नाते तुटले नव्हते, लाज आडवी आली होती. दामाजीपंतांच्या कथेत कोठार उघडल्याचे कौतुक आहे. रिकाम्या घराने दार लावून घेतल्याची कथा कुणी सांगत नाही.

दादी गेली. नंतर भावाभावांत वाटणी झाली, मधे बांध पडला. आगटी पेटायची ते टोक धाकट्याच्या वाट्याला गेले. आता ईदेला आम्ही एकमेकांकडे शिरखुर्म्याची वाटी घेतो आणि अर्ध्या तासात निघतो. पुण्यातली मुले तर फोनवरच सलाम करतात.

चांद मात्र मागे सरकतोच आहे. २०३० ला रमजान ईद फेब्रुवारीच्या सुरुवातीला येईल, २०३१ ला जानेवारीत. परवा धाकटा बांधापाशी उभा राहून विचारत होता, या टोकाला ऊस लावू का. पाणी आले आहे, चार पैसे मिळतील. आम्ही हिशेब केला, अजून किती ईदा उरल्या त्याचा. त्याला तो सांगितला नाही. इतकेच म्हटले, एवढा तुकडा मालदांडीला राहू दे.