पुसानच्या समुद्रातले दोन सिंगापूरकर

सेरंगून म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना मुस्तफा, टेक्का मार्केट आणि रविवारची गर्दी आठवते. पण नकाशात ईशान्येकडे जरा वर सरका. चांगी आणि पुलाऊ उबिन बेटाच्या मधे जी पाण्याची पट्टी आहे, तिचं नाव सेरंगून हार्बर. शिडाच्या होड्या तिथे आजही दिसतात. आजची गोष्ट मुलांच्या शिडाच्या शर्यतींची आणि त्यांच्या नियमांची आहे. नियम म्हटल्यावर रेडिओ बंद करू नका, कारण यातल्या एका नियमाने दोन सिंगापूरकरांचे प्राण वाचवले आहेत. खरं तर प्राण माणसाने वाचवले. नियमाने काय केलं ते पुढे सांगतो.

या बेटाला शर्यती इंग्रजांनीच शिकवल्या असं समजू नका. मलय लोकांच्या कोलेक नावाच्या निमुळत्या होड्या वाऱ्यावर विलक्षण पळत. एकोणिसाव्या शतकापासून इथे नववर्षाच्या दिवशी समुद्रावर शर्यती होत आणि सगळं शहर किनाऱ्यावर लोटत असे. होडी कलली की माणसं वाऱ्याच्या बाजूला अंग बाहेर झोकून तिला सरळ ठेवत. आपल्याकडच्या कोळ्याला हे सांगावं लागत नाही. तांडेलाने नुसती मान हलवली की पोरं बरोबर त्या बाजूला जाऊन बसतात.

आज दहा-बारा वर्षांची मुलं ज्या होडीत बसतात तिचं नाव ऑप्टिमिस्ट. 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्याने ती तयार केली. गावातल्या ऑप्टिमिस्ट क्लबला मुलांसाठी स्वस्त होडी हवी होती, बापलेकांना प्लायवूडमधून घरी बांधता येईल अशी. म्हणून तिचा आकार आंघोळीच्या टबासारखा आहे आणि नाक कापल्यासारखं सपाट आहे. लांबी साधारण 2.3 मीटर, वजन 35 किलो, एक शीड, आत एकच मूल. वयाची मर्यादा 15 वर्षं. दिसायला खेळणं, पण याच टबात शिकलेली सिंगापूरची किम्बर्ली लिम 2011 साली ऑप्टिमिस्टची जगज्जेती झाली आणि पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये पोचली.

याच 1947 सालची दुसरी एक होडी आपल्या घराघरांत वेगळ्या कारणाने माहीत आहे. 17 जुलैच्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट कासा खडकाजवळ वादळात कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईपासून काही मैलांवर बोट बुडाली आणि मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. रेवसहून मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी टोपल्या समुद्रात ओतून बुडणाऱ्या माणसांना आपल्या होड्यांत घेतलं. त्या मासळीचे पैसे त्यांना कोणी दिले असतील असं मला वाटत नाही.

माझी आई अलिबागकडची. रामदास बुडाली तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता, पण तिच्या आजोळी ही गोष्ट दर आषाढात निघायची. आमच्या चिरंजीवांनी शाळेतून सेलिंगचा फॉर्म आणला, तेव्हा तिने फोनवर एवढंच विचारलं, "बुडाला तर कोणाला कळेल का रे?" मी व्यवसायाने आयटीवाला. आमच्याकडे सर्व्हर पडला तर दोन मिनिटांत चार जणांचे फोन वाजतात. तरी तिच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा धड उत्तर नव्हतं. म्हणून मी नियमांचं पुस्तक उघडलं.

शर्यतींच्या नियमांना मोठा इतिहास आहे. पूर्वी प्रत्येक क्लबचे नियम वेगळे असत आणि भांडणं मात्र सगळीकडे सारखीच. 1875 मध्ये ब्रिटनमध्ये यॉट रेसिंग असोसिएशन स्थापन झाली. 1907 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना आली, तीच आज वर्ल्ड सेलिंग म्हणून ओळखली जाते. नियमांचं पुस्तक आता दर चार वर्षांनी सुधारून निघतं. सध्याचं 2025 ते 2028 चं आहे. पुस्तक जाडजूड आहे. कोणाचं शीड कुठल्या बाजूला, वळणाच्या खुणेपाशी कोणी कोणाला जागा द्यायची, असं बरंच काही त्यात आहे. पण पहिल्याच नियमाचा पहिलाच भाग जिंकण्याविषयी नाही. तो सांगतो की कोणीही माणूस वा होडी संकटात असेल, तर प्रत्येक स्पर्धकाने शक्य ती सगळी मदत केलीच पाहिजे.

आता पुसानला जाऊ. 24 सप्टेंबर 1988, शनिवार. सोल ऑलिंपिकच्या शिडांच्या शर्यती सोलमध्ये नव्हत्या, त्या दक्षिणेला पुसानच्या समुद्रात होत्या. सकाळी वारा बेताचा होता. दिवस चढला तसा तो वाढत गेला आणि 35 नॉटपर्यंत पोचला, म्हणजे ताशी 65 किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात छत्री धरून रस्त्यावर चालता येत नाही, आणि ही माणसं साडेचार-पाच मीटरच्या होड्यांत होती. दोन शर्यती शेजारशेजारच्या पाण्यात चालू होत्या. एक फिन वर्गाची, त्यात होडीत एकच खलाशी. दुसरी 470 वर्गाची, त्यात दोन. 470 मध्ये सिंगापूरची एक जोडी होती, जोसेफ चॅन आणि स्यू शॉ हर.

फिनच्या शर्यतीत कॅनडाचा लॉरेन्स लेमियू होता. हा गडी एडमंटनचा, म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल आत गवताळ प्रदेशात वाढलेला. आपल्याकडे सोलापूरच्या मुलाने नौकानयनात ऑलिंपिक गाठावं तसं. सात शर्यतींपैकी ही पाचवी होती. लेमियू पुढे होता, पण लाटा इतक्या उंच की वळणाची एक खूण त्याला दिसलीच नाही. परत फिरून तिला वळसा घालावा लागला, आणि तरी तो दुसरा होता. पदक आवाक्यात होतं.

तेवढ्यात त्याला शेजारच्या पाण्यात 470 ची उलटलेली होडी दिसली. एक जण तिला धरून होता आणि दुसरा होडीपासून दूर वाहत चालला होता. दोघांनाही इजा झाली होती. अशा समुद्रात माणसाचं डोकं लाटेआड गेलं की ते पुन्हा सापडत नाही, आणि बचावाची बोट कुठे जवळ दिसत नव्हती. लेमियूने शर्यत सोडली आणि वाऱ्याबरोबर खाली वळला. हे सांगायला सोपं आहे. फिन ही एकट्या माणसाची होडी. सुकाणू, शिडाची दोरी आणि तोल सगळं एकाच्याच हातात. त्यातच पाण्यातल्या माणसाला वर ओढायचं आणि स्वतःची होडी उलटू द्यायची नाही. त्याने आधी एकाला आत घेतलं, मग दुसऱ्याला. होडीत पाणी भरत होतं. कोरियाच्या नौदलाची बोट येईपर्यंत तो दोघांना घेऊन थांबून राहिला. त्यांना तिच्या हवाली केलं आणि मग पुन्हा शर्यतीत उतरून बऱ्याच मागे ती पुरी केली.

ज्या नियमाबद्दल सुरुवातीला बोललो तो इथे कामाला येतो. मदत करण्यात ज्याचा क्रमांक गेला त्याला भरपाई मिळावी, अशी तरतूद नियमांत आहे. इंग्रजीत तिला रिड्रेस म्हणतात. पंचांनी तिचा आधार घेऊन त्या शर्यतीत लेमियूला दुसरा क्रमांक दिला, कारण वळला तेव्हा तो दुसराच होता. सिनेमात असतं तर पुढे त्याला सुवर्ण मिळालं असतं. प्रत्यक्षात तो एकूण अकरावा आला आणि सुवर्ण स्पेनच्या होसे लुईस दोरेस्तेने नेलं. समारोपाच्या सुमारास ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष सामारांच यांनी लेमियूला पिअर द कुबर्तँ पदक दिलं.

एक योगायोग मला राहून राहून आठवतो. त्याच शनिवारी सोलच्या मैदानावर दुसऱ्या एका कॅनेडियनने, बेन जॉन्सनने, 100 मीटरची शर्यत जिंकली. सगळं जग ते पाहत होतं. तीन दिवसांत उत्तेजक घेतल्याबद्दल त्याचं पदक काढून घेतलं गेलं. माझ्या पिढीतल्या सगळ्यांना जॉन्सन आठवतो. लेमियूचं नाव मी चाळिशीत पहिल्यांदा ऐकलं, तेही मुलाच्या प्रशिक्षकाकडून. गोष्ट सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आणि ते दोघं आमचे होते." तोवर मुलं एकमेकांवर पाणी उडवत होती. ती गप्प झाली.

मला यातली भरपाईची तरतूद फार शहाणपणाची वाटते. मॅनेजमेंटच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की माणसाकडून एक अपेक्षा ठेवायची आणि बक्षीस दुसऱ्याच गोष्टीला द्यायचं, तर माणूस बक्षिसामागे जातो. इथे मदत करणं सक्तीचं आहे आणि तिची किंमत मदत करणाऱ्याच्या गुणांतून वसूल होत नाही. दहा वर्षांच्या मुलालाही हे समजतं. मैत्रिणीची होडी उलटली, तू थांबलास, तर पंचांना सांग. ते तुझा क्रमांक बघून घेतील.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो, कोणाला कळेल का. सिंगापुरात हा प्रश्न खोटा नाही. इथे लाटा फारशा मोठ्या नसतात, पण आभाळावर भरवसा नाही. एप्रिल ते नोव्हेंबरच्या दरम्यान सुमात्राकडून वादळाची रांग येते. ती बहुधा पहाटे किंवा सकाळी येते आणि वाऱ्याचे झोत ताशी 40 ते 80 किलोमीटर असतात. वरून विजा. उघड्या पाण्यात ॲल्युमिनियमची डोलकाठी घेऊन बसलेलं मूल म्हणजे काय, ते सांगायला नको. इथे एनएस केलेल्या कुठल्याही मुलाला 'कॅट वन' म्हटलं की तो मैदान सोडून छपराखाली जातो. पाण्यावर तेच काम झेंडे करतात. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा म्हणजे शर्यत लांबणीवर. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा म्हणजे चालू शर्यत रद्द. त्याच्याखाली एच अक्षराचा झेंडा असेल तर सरळ किनाऱ्यावर या, पुढचं तिथे कळेल. व्ही अक्षराचा झेंडा चढला तर आयोजकांच्या आणि प्रशिक्षकांच्या सगळ्या बोटींनी रेडिओवर कान ठेवायचा, कारण शोध आणि बचावाच्या सूचना येणार आहेत. मग कुठला प्रशिक्षक कुठल्या शाळेचा हा प्रश्न उरत नाही.

होडीतल्या वस्तूही ठरलेल्या असतात. अंगात लाइफ जॅकेट आणि त्याला बांधलेली शिट्टी. पाणी उपसायला भांडं, वल्हं, ओढून नेण्यासाठी तरंगणारी लांब दोरी. होडीच्या पोटात हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे ती उलटली तरी बुडत नाही. पहिल्या आठवड्यातच मुलांना ती मुद्दाम उलटवायला लावतात. बाहेरच्यांनी मदत करायची नाही हाही नियम आहे, पण आजारी, जखमी किंवा धोक्यात असलेल्याला तो लागू नाही. किनाऱ्यावरून "डावीकडे घे रे" म्हणून ओरडणाऱ्या आईबापांना मात्र तो पुरेपूर लागू आहे. आमच्या घरातून एकाला याची समज मिळालेली आहे. कोण ते विचारू नका.

पण आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर एका साध्या फळीवर आहे. पाण्यात जाताना प्रत्येक मुलाने आपल्या नंबरचा बिल्ला फळीवरून काढून घ्यायचा आणि परत आल्यावर स्वतःच्या हाताने लावायचा. संध्याकाळी फळीवर एक जागा रिकामी दिसली तर एक मूल अजून पाण्यात आहे असंच धरतात. गेल्या वर्षी अशी एक जागा रिकामी राहिली. बचावबोटी वीस मिनिटं पाणी शोधत होत्या. वारा पडलेला, उजेड कमी होत चाललेला, आणि एक बाई दुर्बिणीतून एकेक होडी मोजत होती. शेवटी साहेब कपडे बदलण्याच्या खोलीत सापडले, हातात मायलो, बिल्ला जॅकेटच्या खिशात. साहेब म्हणजे आमचेच चिरंजीव. त्या दिवशीच्या शर्यतीत त्याला दंडाचे गुण बसले आणि तो बक्षिसातून बाहेर गेला. तो रडला. दंड जास्त झाला असं मलाही क्षणभर वाटलं. मग त्या वीस मिनिटांतला दुर्बिणीवाल्या बाईंचा चेहरा आठवला आणि मी तक्रारीचा विचार सोडला.

त्या रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं, दंडासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वीस मिनिटं शोधत होते म्हणजे? सगळ्या होड्या?" मी हो म्हटलं. "बरं," ती म्हणाली, "मग जाऊ दे त्याला. आणि तो बिल्ला दोरीने गळ्यात बांध म्हणावं."

आता तो गळ्यातच असतो.