बांधावर आलेला सरकारी माणूस

अमेरिकेत काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्याच्या मधलं काहीतरी. बहुतेक काउंट्यांत ‘एक्स्टेन्शन’चं एक साधंसं कार्यालय असतं. माती तपासून घ्यायची असो, परसातल्या टोमॅटोची पानं का वळतात ते विचारायचं असो, की मुलीला जत्रेतल्या स्पर्धेत वासरू उतरवायचं असो, माणसं तिथे जातात. कार्यालय राज्याच्या विद्यापीठाशी जोडलेलं. या सेवेचा कायदा १९१४चा, पण तिचा मूळपुरुष शोधायला गेलं तर हाती लागतो एक किडा.

१८९२च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्ससच्या कपाशीत सोंडकिडा शिरला. आपली गुलाबी बोंडअळी वेगळी. हा लांब सोंडेचा भुंगेरा, पात्यांना आणि कोवळ्या बोंडांना भोक पाडून आतच अंडी घालणारा. पाती गळतात आणि कापूस धरतच नाही. उधारीवर कापूस पिकवणारे शेतकरी, त्यांना उधार देणारे दुकानदार, सगळेच हवालदिल झाले. ज्ञान नव्हतं असं मात्र नाही. १८६२च्या मॉरिल कायद्याने शेतकी कॉलेजं निघाली होती, १८८७च्या हॅच कायद्याने प्रयोग केंद्रं. पुस्तिका छापून निघत होत्या. पण छापील कागदावर भरवसा ठेवून पेरणी बदलणारा शेतकरी विरळाच.

सीमन नॅप हा गृहस्थ तेव्हा सत्तरीला टेकला होता. आयोवात शेतकीचा प्राध्यापक आणि कॉलेजचा अध्यक्ष, मग लुइझियानात भातशेती, असं बरंच करून झालेलं. सरकारी खर्चाने चालवलेलं आदर्श शेत पाहून शेतकरी मान डोलावतो आणि घरी जाऊन जुनंच करतो, हे त्याने ओळखलं होतं. सरकारच्या पैशावर कोण पिकवणार नाही? म्हणून १९०३ साली टेक्ससमधल्या टेरेल गावी त्याने गणित उलटवलं. जमीन, बी, मेहनत सगळं शेतकऱ्याचं. सरकारचा फक्त सल्ला. तोटा आला तर भरपाई म्हणून गावातल्या व्यापाऱ्यांनी १००० डॉलरची हमी उभी केली. वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याने प्रयोग अंगावर घेतला. हंगाम संपल्यावर त्यानेच सांगितलं की नेहमीच्या पद्धतीपेक्षा ७०० डॉलर जास्त सुटले. हमीला हात लावावा लागला नाही.

नॅप सांगत होता ते ऐकून आज विदर्भातला शेतकरी हसेल: लवकर येणारं वाण घ्या, पेरणी लवकर उरका, नांगरट खोल करा, कोळपणी चुकवू नका, गळलेली पाती वेचून जाळा, वेचणी संपताच पऱ्हाटी उपटून टाका. किडा याने संपत नव्हता. त्याची पैदास वाढायच्या आत बोंडं पक्की होत, एवढंच. नवं होतं ते सांगण्याचं ठिकाण. शेजाऱ्याच्या बांधावरून दिसणारं पीक खोटं म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी नॅपच्या हाताखाली फिरते एजंट नेमले गेले, आणि १९०६च्या नोव्हेंबरात टेक्ससच्याच स्मिथ काउंटीत स्टॉलिंग्ज हा एका काउंटीपुरता नेमलेला पहिला एजंट ठरला.

त्याच वर्षी अलाबामात टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेची चाकांवरची शाळा निघाली. मराठी वाचकांना ‘एक होता कार्व्हर’मुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर घरचा वाटतो, त्याच्याच आराखड्यावर बेतलेली, अवजारं, लोणी काढायचं यंत्र वगैरे लादलेली ही गाडी खेड्यांत फिरू लागली. पैसा न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप यांचा, म्हणून नाव जेसप वॅगन. टॉमस कॅम्बेल हा तिच्याबरोबर फिरणारा पहिला कृष्णवर्णीय एजंट. दक्षिणेत पुढे कायद्याचा पैसा आला तोही वर्णभेदाच्या वाटेने: काळ्या शेतकऱ्यांसाठी वेगळे एजंट, तुटपुंजी तरतूद. ही फाळणी १९६०च्या दशकापर्यंत टिकली. या सेवेचा गौरव गाताना ही बाजू सहसा झाकली जाते.

बाप ऐकत नसेल तर मुलाला गाठायचं, ही युक्ती मला यातली सगळ्यात चतुर वाटते. ओहायोत ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकाने १९०२च्या जानेवारीत स्प्रिंगफील्डच्या कोर्टाच्या तळघरात मुलामुलींचा क्लब जमवला. दक्षिणेत मक्याचे क्लब निघाले. मुलाने बापाकडून एक एकर मागून घ्यायचं आणि सांगितल्याप्रमाणे मका लावायचा. १९१० साली दक्षिण कॅरोलायनातल्या जेरी मूर या पंधरा वर्षांच्या पोराने एकरी २२८ बुशेल मका काढला. राज्याची सरासरी तेव्हा विसाच्या आत होती. अशा घरात बापाने कुठल्या तोंडाने वाद घालायचा? त्याच राज्यात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींना एकराच्या दहाव्या हिश्शावर टोमॅटो लावायला आणि डबाबंद करून विकायला शिकवलं. हाती आलेला पैसा मुलीचा. मक्याच्या विक्रमापेक्षा मला हे मोठं वाटतं. हेच क्लब पुढे ‘फोर-एच’ झाले, चार पानांच्या हिरव्या क्लोव्हरचं चिन्ह लावून.

८ मे १९१४ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी एक्स्टेन्शन सेवेच्या स्मिथ-लीव्हर कायद्यावर सही केली. कळीची गोष्ट त्यातला पैसा: केंद्र देणार, पण राज्यानेही आपला वाटा घालायचा, काउंट्याही हातभार लावू लागल्या. एजंटच्या पगारात गावचा पैसा असल्याने तो गावाला उत्तर द्यायला बांधलेला राहिला. शेतकरी घटले तशी गिऱ्हाइकं बदलली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सिएटल-टॅकोमाकडच्या एजंटांना बागवाल्यांचे फोन आवरेनात. मग बागकामाची हौस असलेल्यांनाच शिकवायचं आणि शिकवणीच्या मोबदल्यात त्यांनी लोकांच्या शंका फुकट सोडवायच्या, असं ठरलं. १९७३ची ही ‘मास्टर गार्डनर’ योजना आज अमेरिकाभर चालते.

भारतात ही कल्पना आली तेव्हा फोर्ड फाउंडेशनचे डग्लस एन्स्मिंगर इथे होते. त्याआधी ते अमेरिकेच्या कृषी खात्यात एक्स्टेन्शनचंच काम करत. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि ग्रामसेवक गावात आला. पण त्याचा पगार, उद्दिष्टं आणि बदली, सगळं वरून ठरत होतं. टेरेलच्या व्यापाऱ्यांची हमी किंवा काउंटीचा वाटा यासारखं काही सोबत आलं नाही. महाराष्ट्रात तो हळूहळू ग्रामपंचायतीचा सचिव झाला आणि घरपट्टी, दाखले, सभांची इतिवृत्तं यांत गुंतला. पिकाचा सल्ला पुढे कृषी सहायकाकडे गेला. त्याच्याकडे एकाच वेळी अनेक गावं असतात, आणि अनुदानाच्या याद्याही.