एका अवघड निगेटिव्हचा इतिहास

कॅमेऱ्याची कळ दाबली की छायाचित्रकाराचे कार्य संपले, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो किती अपुरा आहे, हे अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२-१९८४) यांच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या विख्यात चित्राच्या इतिहासावरून कळून येते.

१ नोव्हेंबर १९४१ च्या सायंकाळी अ‍ॅडम्स न्यू मेक्सिको प्रांतातून मोटारीने चालले होते. ही तारीखदेखील पुढे चंद्राच्या स्थितीचे गणित मांडूनच निश्चित करावी लागली. हर्नांडेझ गावावर चंद्र उगवला होता आणि मावळतीचे ऊन स्मशानभूमीतील पांढऱ्या क्रुसांवर अखेरचे रेंगाळत होते. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचे स्मरणातील मान धरून त्यांनी आपल्या ८×१० इंची कॅमेऱ्याने एक चित्र घेतले. दुसरे घेण्यापूर्वीच क्रुसांवरील ऊन गेले. हाती राहिली ती एकच निगेटिव्ह.

ती मोठी अवघड निघणार, हे उघड होते. चंद्र व मेघ दाट, तर खालची भूमी अत्यंत विरळ! म्हणून अ‍ॅडम्स यांनी ती आळीपाळीने डेव्हलपरमध्ये व स्थिर पाण्यात बुडविली. पाण्यात असताना उजळ भागात मुरलेले रसायन लवकर निकामी होते, छायेतील मात्र कार्य करीत राहते. त्यामुळे दोहोंतील अंतर आटोक्यात राहते. तरीही भूमीचा भाग छापण्यास कठीणच राहिला.

अखेर १९४८ साली त्यांनी मोठे धाडस केले. निगेटिव्हचा केवळ खालचा भाग त्यांनी घनतावर्धक द्रावणात पुनःपुन्हा बुडवून काढला. हात चुकता तर एकमेव मूळ कायमचे नष्ट होते. परंतु उपाय फळास आला.

एवढ्यानेही काम भागले नाही. प्रत्येक प्रत काढताना अंधारखोलीत कागदावर पडणारा प्रकाश पुठ्ठ्याने कोठे अडवावा लागे, कोठे अधिक वेळ पडू द्यावा लागे. पुठ्ठा सतत हलता ठेवावा लागे, अन्यथा त्याची कड कागदावर उमटते. आरंभीच्या प्रतींत आकाश फिकट व मेघयुक्त आहे, तर उत्तरकाळातील प्रतींत ते जवळजवळ काळेभोर झाले आहे. निगेटिव्ह एकच, अर्थ मात्र वयानुसार पालटत गेला. निगेटिव्ह म्हणजे संगीताची स्वरलिपी आणि प्रत म्हणजे तिचे गायन, अशा आशयाचे विचार अ‍ॅडम्स मांडीत, ते यथार्थच होय.

आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत पूर्वजांच्या जुन्या निगेटिव्ह पेट्यांच्या तळाशी पडून आहेत. चेहरा अस्पष्ट दिसतो, एवढ्यावरून त्या टाकून देण्याचा मोह होतो. परंतु प्रत फिकी निघाली म्हणून मूळ निरुपयोगी ठरत नाही. कुशल हातांना त्यातून हरपलेले मुखही पुन्हा उजेडात आणता येईल. मूळच गेले तर मात्र कोणतेही कौशल्य चालत नाही. यास्तव ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी हे धन कोरड्या जागी, नावनिशीसह जतन करावे, हीच नम्र विनंती.