कचेरीतली मॅग्डा

दाखल्यासाठी खिडकीपाशी उभं राहणं काय असतं, हे आपल्यातल्या कुणाला सांगायला नको. ‘फोटो कमी आहे’, ‘उद्या या’, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. आज आम्ही अशाच एका रांगेतल्या बाईची गोष्ट सांगणार आहोत. ती युरोपातली, आणि तिची गोष्ट अमेरिकेत रंगमंचावर आली १९५० साली.

ही गोष्ट आहे एका ऑपेराची. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. आपल्या संगीत नाटकात पदांच्या मध्ये गद्य संवाद असतात. ऑपेरात मात्र बहुधा साधं बोलणंही गाऊनच होतं. या ऑपेराचं नाव ‘द कॉन्सल’. कॉन्सल म्हणजे दुसऱ्या देशाच्या सरकारनं आपल्याकडे नेमलेला अधिकारी. त्या देशात जायचा परवाना, म्हणजे व्हिसा, त्याच्या कचेरीतून मिळतो. शब्द आणि संगीत दोन्ही इटलीत जन्मलेल्या जान कार्लो मेनोत्ती यांचं.

तो काळ कसा होता? दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं, पण लाखो माणसं घरादाराला पारखी झाली होती. दुसऱ्या देशात आसरा हवा, तर कागद हवेत. १९४७ साली एक बातमी आली. पोलंडहून आलेल्या एका बाईला अमेरिकेनं प्रवेश नाकारला आणि न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर तिनं जीव दिला. त्या बातमीतून मेनोत्तींना हा विषय सुचला.

ऑपेरातल्या बाईचं नाव मॅग्डा सोरेल. तिचा नवरा जॉन हुकूमशाही सरकारविरुद्ध लढणारा. गुप्त पोलीस मागावर, म्हणून तो जखमी अवस्थेत सरहद्दीकडे पळतो. जाताना खूण सांगतो: खिडकीची काच दगडानं फुटली, की काच बसवणाऱ्या आसानला बोलाव, तो माझा निरोप आणेल. घरात उरतात मॅग्डा, सासू आणि तान्हं बाळ. तिघांना देशाबाहेर काढायचं, तर व्हिसा हवा.

मॅग्डा कचेरीत जाते. तिथली सेक्रेटरी अर्ज देते, आणखी अर्ज देते, थांबायला सांगते. मॅग्डा पुन्हा पुन्हा जाते. इकडे बाळ दगावतं, मग सासूही जाते. कॉन्सल मात्र पूर्ण ऑपेरात एकदाही दिसत नाही. एकदा आत सोडायचं कबूल होतं, फक्त आतले पाहुणे बाहेर येऊ देत. दार उघडतं आणि बाहेर येतो तोच गुप्त पोलिसांचा अधिकारी. मॅग्डा भोवळ येऊन पडते.

सेक्रेटरी दुष्ट नाही, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. ती नियम पाळते. तिच्यासमोर रोज इतकी माणसं येतात, की तिला माणूस दिसेनासा होतो, अर्ज दिसतो. शेवटी तिचंही मन हलतं, पण तोवर उशीर झालेला असतो. बायकोला भेटायला परत आलेला जॉन कचेरीतच पकडला जातो. सेक्रेटरी मॅग्डाला फोन लावते. त्याच वेळी घरी एकटी मॅग्डा गॅस सोडून जीव देत असते. फोन वाजत राहतो.

या ऑपेराचा पहिला प्रयोग १ मार्च १९५० रोजी फिलाडेल्फिया शहरात झाला. मग न्यूयॉर्कला २६९ प्रयोग झाले आणि संगीतासाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मॅग्डा झाल्या होत्या पॅट्रिशिया नीवे. सगळे कागद भिरकावून मॅग्डा जाब विचारते, ते त्यांचं गाणं फार गाजलं.

त्याच कचेरीत आणखी एक छोटा प्रसंग आहे. एका इटालियन बाईला तिथली भाषा येत नाही. तिची मुलगी परदेशात आजारी आहे. रांगेतले कोफनर नावाचे गृहस्थ स्वतः कितीदा हेलपाटे घालून थकलेले, तरी पुढे होऊन तिचं म्हणणं सेक्रेटरीला समजावतात. त्यानं व्हिसा मिळत नाही. पण त्या खोलीत कुणीतरी तिला माणूस म्हणून पाहिलेलं असतं.

मॅग्डा घरी परतली, तेव्हा दाराशी तिची वाट पाहणारं कुणी नव्हतं. म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गटातली कुणी कागदासाठी हेलपाटे घालत असेल, तर एकीनं तिच्याबरोबर जायचं. आणि काम झालं नाही, तर त्या संध्याकाळी तिच्या घरी नक्की डोकवायचं.