पुसदचा इंडेक्स

गेल्या दिवाळीत यवतमाळला घरी गेलो होतो, तेव्हा बाबांनी माळ्यावरची ट्रंक उघडली. पुसदकडच्या आमच्या शेताचे जुने कागद. त्यातल्या एका पिवळ्या पडलेल्या कागदावर 'तालुका पुसद, जिल्हा वाशीम'. म्हटलं, लिहिणाऱ्याची चूक. पुसद आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, हे शाळेपासून पाठ! बाबा म्हणाले, "चूक नाही रे. तो कागद तुझ्या यवतमाळ जिल्ह्यापेक्षा जुना आहे."

योगायोग असा, की त्याच सुमारास हापिसात एक बग माझ्या गळ्यात पडला होता. यादीतले रद्द झालेले रेकॉर्ड काढायचे, इतकं साधं काम. पहिल्यापासून लूप लावला, नको तो दिसला की काढला, चला पुढे. निकाल? लागोपाठ दोन रद्द रेकॉर्ड आले की दुसरा हमखास शिल्लक. कारण सोपं आहे. तिसरा घटक काढला की चौथा सरकून तिसऱ्या जागी येतो, आणि आपला काउंटर मात्र चौथ्या जागेवर पोचलेला असतो. सरकून आलेला बिचारा तपासलाच जात नाही. (उपाय: शेवटाकडून सुरुवात करा :-))

ज्यांना कोडशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधा ॲरे म्हणजे मोजक्या खोल्यांची चाळ. डायनॅमिक ॲरे (सी प्लस प्लसचा व्हेक्टर, जावाचा ॲरेलिस्ट) गरजेप्रमाणे वाढतो. चाळ भरली की तो मोठी चाळ घेतो आणि सगळी बिऱ्हाडं तिकडे हलवतो. दर वेळी एकच खोली वाढवली तर १००० घटक भरेपर्यंत ४,९९,५०० वेळा सामान हलवावं लागतं. दर वेळी दुप्पट केली तर फक्त १०२३ वेळा. म्हणून शेवटी घटक जोडणं स्वस्त पडतं. मधला काढणं मात्र महाग, कारण त्याच्या पुढचे सगळे एकेक घर सरकतात.

आता ट्रंकेतल्या कागदाकडे येऊ. निजामानं १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६४ मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी या चार तालुक्यांचा वेगळा जिल्हा झाला. त्याचं नाव आधी 'आग्नेय वऱ्हाड', मग 'वणी'. पुढे वऱ्हाडच्या यादीत सहा जिल्हे होते: अमरावती, एलिचपूर (आजचं अचलपूर), अकोला, बुलढाणा, वाशीम, वणी. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं, आणि १९०५ मध्ये यादीतून दोन नावं उडाली: एलिचपूर आणि वाशीम.

काढले दोन, पण हलले किती बघा. एलिचपूर अमरावतीत गेलं. वाशीम आणि मंगरूळ अकोल्यात, तर पुसद आमच्याकडे. अमरावतीचं मूर्तिजापूर अकोल्याला आणि अकोल्याचे खामगाव, जळगाव बुलढाण्याला. वणी जिल्ह्याचे चाराचे पाच तालुके झाले आणि नाव पडलं यवतमाळ. नकाशावर ही चार रेघांची खाडाखोड. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं कलेक्टर बदलला, जिल्ह्याची कचेरी बदलली, दप्तर बदललं. सरकण्याचा खर्च मशीनमध्ये प्रोसेसर भरतो, इथं तो माणसांनी भरला.

बरं, १९०१ च्या जनगणनेतला वणी जिल्हा आणि १९११ चा यवतमाळ जिल्हा यांची सरळ तुलना केलीत तर माझ्यासारखाच बग होईल. लोक वाढले की तालुका वाढला? म्हणूनच जनगणनेच्या तक्त्यांत जुने आकडे नव्या हद्दीनुसार जुळवून देतात. आणि मोजणी चालू असताना यादी बदलू नये म्हणून आधीच जिल्ह्या-तालुक्यांच्या सीमा गोठवतात. ॲरेलिस्टवरून फिरताना मधेच घटक काढला की जावा 'कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन' फेकतं, ते हेच!

वाशीम परत आलं १ जुलै १९९८ ला, अकोल्यातून वेगळं होऊन. या वेळी एक गोष्ट शहाणपणाची झाली. गाड्यांच्या नंबरात यवतमाळ एमएच-२९, अकोला ३०, नागपूर ३१, वर्धा ३२. वाशीमला अकोल्याशेजारी म्हणून ३१ दिला असता, तर नागपूरपासून पुढच्या सगळ्या गाड्यांच्या पाट्या बदलाव्या लागल्या असत्या. त्याला मिळाला ३७. मागच्या रिकाम्या खोलीत नवा पाहुणा, कुणालाही न हलवता.

पण पुसद? ते परत गेलं नाही. मधल्या ९३ वर्षांत पुसदचं नातं यवतमाळशी जुळलं होतं. वसंतराव नाईक (१९६३ ते १९७५) आणि सुधाकरराव नाईक (१९९१ ते १९९३), पुसदचे हे दोन मुख्यमंत्री महाराष्ट्रानं पाहिले ते यवतमाळ जिल्ह्याचे म्हणून. जुन्या पुसदच्या हद्दीतून उमरखेड, महागाव हे तालुके वेगळे झाले. पाचाचे आता सोळा तालुके आहेत. आणि पुसदकर कित्येक वर्षं मागतायत तो स्वतंत्र पुसद जिल्हा, वाशीमला परत जाणं नव्हे.

इंजिनिअरिंगला शिकलो तेव्हा वाटायचं, घालणं आणि काढणं ही उलटसुलट कामं. एकानं बिघडलं तर दुसऱ्यानं दुरुस्त. तसं नसतं. काढलेला घटक परत घालता येतो, पण त्याची जागा बदललेली असते आणि शेजारीही बदललेले असतात. जुन्या इंडेक्सवर विसंबून कुणी काही लिहून ठेवलं असेल, तर ते तसंच राहतं... ट्रंकेतल्या कागदासारखं.

बग दुरुस्त झाला. कागद मात्र मी स्कॅन करून ठेवला, आणि फाईलला नाव देताना अडलो. जिल्हा कुठला लिहू? शेवटी नुसतं 'पुसद' लिहिलं. गाव कुठं हलत नाही!