मावळातली टेहळणी

पुणे आणि कोकण यांच्यामधल्या सह्याद्रीत सैन्य उतरवण्याजोग्या घाटवाटा मोजक्याच आहेत. मावळातल्या किल्ल्यांचे महत्त्व या वाटांमुळेच वाढले. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले बोरघाटाच्या टापूवर, लोहगड-विसापूर इंद्रायणीच्या खोऱ्यावर, तर तुंग-तिकोना पवन मावळावर लक्ष ठेवत. लोहगडाची विंचूकाटा ही लांब, अरुंद सोंड टेहळणीसाठीच उपयोगी होती. तिच्या टोकाशी उभे राहिले की तिन्ही बाजूंचा मुलूख नजरेत येतो.

पण दिसलेली गोष्ट वेळेत पोहोचली, तरच तिचा उपयोग. 1670 साली सिंहगड सर झाल्यावर गडावरची पागेची घरे पेटवून राजगडाला इशारत दिल्याचे सभासद बखर सांगते. डोंगराआडच्या हालचालींसाठी मात्र माणसेच लागत. ते काम शिवाजी महाराजांचे हेर करत.

या व्यवस्थेची ताकद 1661 मध्ये दिसली. मोगल सुभेदार शाहिस्तेखानाने पुण्याहून आपला सरदार कारतलबखान याला कोकणात धाडले. नेहमीचा बोरघाट टाळून खान लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला. महाराजांना त्याच्या वाटेची बातमी आधीच लागली होती. 2 फेब्रुवारीला उंबरखिंडीच्या दाट रानात मराठ्यांनी मोगलांना पुढून-मागून कोंडले. दोन्ही अंगांना चढ असल्याने फौजेला पसरता येईना. अखेर सोबतची स्त्री-सरदार रायबाघन हिच्या सल्ल्याने खानाने शरण जाऊन खंडणी कबूल केली आणि तो सामानसुमान टाकून परतला.

उंच जागा शत्रूच्या हाती गेली की हीच व्यवस्था उलटते. विसापूर लोहगडापेक्षा उंच आहे. मार्च 1818 मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि पाठोपाठ लोहगडही पडला.

उंचावरून पाहण्याची आणि खबर वेळेत पोहोचवण्याची ही गरज आजच्या युद्धातही आहे. 1980च्या दशकात आलेल्या अपाचे या लढाऊ हेलिकॉप्टरने टेहळणी वैमानिकाच्या शिरस्त्राणापर्यंत आणली. 2019 पासून भारतीय हवाई दलाकडेही ही हेलिकॉप्टरे आहेत. वैमानिक मान वळवतो तसा हेलिकॉप्टरच्या नाकावरचा उष्णतावेधी कॅमेरा वळतो. अंधारातले दृश्य, वेग आणि उंची त्याच्या उजव्या डोळ्यासमोरच्या छोट्या काचेवर उमटतात, त्यामुळे माहितीसाठी मान खाली घालावी लागत नाही. तरीही उष्णतावेधी कॅमेऱ्याला डोंगराच्या पलीकडचे दिसत नाही. तिथली खबर वैमानिकाला इतर विमानांकडून किंवा जमिनीवरच्या तुकड्यांकडूनच घ्यावी लागते.