ॲपल टूचे पंचांग

1993च्या नोव्हेंबरात ॲपल कंपनीने ॲपल टूई या संगणकाचे उत्पादन थांबवले. 1977 साली सुरू झालेल्या घराण्याचा तो शेवटचा वंशज होता. कंपनीच्या लेखी विषय संपला. ज्यांच्या घरी आणि शाळांत ही यंत्रे होती, त्यांच्यातल्या काहींच्या लेखी मात्र संपला नाही. 1989पासून अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत त्यांचा वार्षिक मेळावा भरू लागला होता. उत्पादन थांबल्यावरही तो भरत राहिला. हे सगळे गतकाळाच्या ओढीने घडले, असे सहसा सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. ओढ लोकांना जुन्या रेडिओची असते, ग्रामोफोनची असते. तरी त्यातले बहुतेक माळ्यावर धूळ खातात. यंत्र टिकवायला प्रेमाच्या आधी माहिती लागते, आणि ॲपल टूच्या मालकाला ती पहिल्यापासून मिळालेली होती.

स्टीव्ह वॉझ्नियाकने या संगणकात जोडपत्ते बसवण्यासाठी आठ खाचा ठेवल्या. प्रिंटरला एक आणि मोडेमला एक, अशा दोन पुरेत, असे स्टीव्ह जॉब्जचे म्हणणे होते. वॉझ्नियाक हटला नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जानेवारी 1978मध्ये निघालेली लाल मुखपृष्ठाची माहितीपुस्तिका. यंत्राचा पूर्ण सर्किट डायग्राम आणि रॉममधल्या मॉनिटर प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तीत छापलेली होती. मिक्सर विकताना त्याच्या मोटारीचा आराखडाही गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, तसा हा प्रकार. त्याचे फळ पुढची कित्येक वर्षे मिळत राहिले. मूळ प्रोसेसर एक मेगाहर्ट्झच्या आसपास चाले. 1980च्या दशकाच्या अखेरीस त्याच जागी बसणारी चार मेगाहर्ट्झची झिप चिप आली. पुढे 140 किलोबाइटच्या फ्लॉपीच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावणारा पत्ता एका हौशी अभियंत्याने बनवला, आणि इथरनेटचे पत्तेही आले. खाचा त्याच होत्या. फक्त त्यांत काय बसेल, याची 1977 साली कुणाला कल्पना नव्हती.

माझा मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसतो तो घड्याळाच्या बाबतीत. थंडरक्लॉक नावाच्या पत्त्यावरचे घड्याळ महिना, तारीख, वार आणि वेळ सांगे; साल त्याच्याकडे नव्हतेच. प्रोडॉस ही कार्यप्रणाली ते वारावरून ओळखे. तीच तारीख दर वर्षी एकदोन वारांनी पुढे सरकते, म्हणून अमुक तारखेला अमुक वार असेल तर साल अमुक, असा एक छोटा तक्ता तिच्यात कोरलेला होता. हा तक्ता म्हणजे पंचांगच, आणि पंचांगासारखाच तो मोजक्या वर्षांनी कालबाह्य होई. नवा घातला नाही, तर फाइलींवर चुकीचे साल पडे. कंपनी या यंत्राकडे लक्ष देत होती तोवर ती नवा तक्ता देई. नंतर ते काम वापरणाऱ्यांनीच केले. तक्ता कुठे आहे आणि काय करतो, हे बाहेर माहीत होते म्हणून ते जमले. ज्याचे पोट शिवून बंद केले आहे, अशा यंत्राला असे नवे पंचांग कोण देणार?

यावर कुणी 1984च्या मॅकिंटॉशकडे बोट दाखवील. त्याला खाचा नव्हत्या, उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागे, तरी तोही आजवर टिकला. आक्षेप रास्त आहे. पण तो कसा टिकला, तेही पाहावे. जानेवारी 1985मध्ये डॉ. डॉब्ज जर्नल या मासिकाने त्याची 128 किलोबाइटची मेमरी घरच्या घरी 512 कशी करावी, हे छापले. आणि ते शक्य झाले कारण बर्रेल स्मिथने मुख्य बोर्ड आखतानाच वाढीव मेमरीची सोय गुपचूप ठेवली होती. पुढचे दार लावलेले, पण मागचे किलकिले होते. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: नुसत्या खुलेपणाने काय होते? ॲपल टू लाखोंनी खपला, शाळाशाळांत पोचला, म्हणून त्याला माणसे मिळाली. हे मान्यच करायला हवे. आराखडा छापलेला असूनही वाचणारा उरला नाही, तर तो रद्दीतच जातो. मात्र खपाने माणसे जमतात. त्यांच्या हाती काम येते ते आराखड्यामुळे. आपल्याकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जमवून पीसी बांधून मिळत, त्यामागेही 1981च्या आयबीएम पीसीची खुली रचनाच होती.

राहिला प्रश्न उपयोगाचा. या यंत्रावर आज बँकेचे व्यवहार होणार नाहीत, आणि व्हावेत असा आग्रह धरणे वेडेपणाचे ठरेल. उपयोग अरुंद आहे, पण खरा आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ जॉर्डन मेक्नरने ॲपल टूवरच लिहिला होता. त्याचा हरवलेला मूळ प्रोग्रॅम 2012 साली वडिलांकडच्या खोक्यातल्या जुन्या डिस्कवर सापडला, तेव्हा त्या वाचायला चालू स्थितीतली जुनी सामग्री आणि ती हाताळणारी माणसेच लागली. आणि 2016च्या सप्टेंबरात, कंपनीच्या शेवटच्या आवृत्तीनंतर तेवीस वर्षांनी, जॉन ब्रूक्स या प्रोग्रॅमरने प्रोडॉस 2.4 प्रसिद्ध केली. कंपनीच्या 2.0 मालिकेला नव्या जातीचा प्रोसेसर लागे, त्यामुळे सर्वांत जुनी यंत्रे तिने वगळली होती. ब्रूक्सच्या आवृत्तीत ती परत आली: 64 किलोबाइट मेमरी असली, की 1977च्या मूळ ॲपल टूवरही ती चालते.